१२,३४,५६,७८९ ची चिरफाड: मोठी संख्या हाती आली की कुठून सुरुवात करायची

बारा कोटी चौतीस लाख छप्पन हजार सातशे एकोणनव्वद. एक ते नऊ अंक ओळीने लिहिले की झाली संख्या. पाठ करावी लागत नाही आणि उतरवताना एखादा अंक इकडचा तिकडे झाला तर लगेच डोळ्यांत भरतो, म्हणून शिकाऊ माणसाने पहिली तपासणी हिच्यावरच करावी. चौकटीचा कागद, पेन्सिल, ६१ पर्यंतच्या मूळ संख्यांची यादी आणि दुकानात असतो तसा १२ अंकी कॅल्क्युलेटर एवढं पुरे. आठ अंकी कॅल्क्युलेटर इथे चालणार नाही, त्याच्या पडद्यावर ही संख्या मावतच नाही.

हात घालण्यापूर्वी एक भेद पक्का करून घ्या. अवयव, विभाजकांची संख्या, मसावि हे संख्येचे स्वतःचे गुणधर्म आहेत. ती दशमानात लिहा की द्विमानात, ते बदलत नाहीत. अंकांची बेरीज, उलट लिहिल्यावर काय होतं, अंकांची अदलाबदल केल्यावर काय मिळतं, हे मात्र तिच्या लिखाणाचे गुणधर्म. नवखे बहुधा दुसऱ्या प्रकारापासून सुरू करतात, कारण ते डोळ्यांना दिसतात. क्रम उलटा ठेवा. आधी अवयव, गमतीजमती नंतर.

पायरी १: स्वल्पविराम पुसा, तीन-तीनचे गट पाडा

आपले स्वल्पविराम उजवीकडून तीन अंकांनंतर आणि मग दोन-दोनवर पडतात. विभाज्यतेच्या ज्या कसोट्या आता वापरायच्या आहेत त्यांना सरसकट तीन-तीनचेच गट लागतात: १२३ | ४५६ | ७८९. लाख-कोटींच्या गटांवर (१२, ३४, ५६, ७८९) याच कसोट्या चालवल्या की उत्तर चुकतं, आणि कुठे चुकलं ते सापडत नाही. मराठी माध्यमातून आलेल्यांची ही हमखास होणारी चूक आहे.

२ आणि ५ चा प्रश्न एकक स्थानच्या ९ नेच मिटला. आता गटांची आलटून पालटून वजाबाकी-बेरीज करा, सुरुवात उजवीकडून:

७८९ − ४५६ + १२३ = ४५६

१००१ = ७ × ११ × १३ आहे, आणि हे ४५६ म्हणजे आपल्या संख्येला १००१ ने भागल्यावर उरणारी बाकी. त्यामुळे आता नऊ अंकी भागाकाराची गरज नाही, फक्त ४५६ तपासायचे. ७ ने बाकी १, ११ ने बाकी ५, १३ ने बाकी १. एका ओळीत तीन मूळ संख्या बाद. (उत्तर ऋण आलं तर त्यात १००१ मिळवा.)

तेच गट सरळ मिळवा: १२३ + ४५६ + ७८९ = १३६८, आणि पुन्हा १ + ३६८ = ३६९. ही ९९९ ने भागल्यावरची बाकी. ९९९ = २७ × ३७. आता ३६९ ला ३७ ने भागलं तर ३६ उरतात, २७ ने भागलं तर १८ उरतात. म्हणजे ३७ जात नाही, २७ जात नाही, पण १८ ला ९ ने भाग जातो, म्हणून संख्येलाही ९ ने जातो.

२७ साठी अंकांची बेरीज वापरू नका. ती कसोटी ३ आणि ९ पुरतीच खरी आहे. १८९९ च्या अंकांची बेरीज २७ येते, पण १८९९ ला २७ ने भागल्यावर ९ उरतात. उलट खुद्द २७ च्या अंकांची बेरीज फक्त ९ आहे.

पायरी २: ९ बाजूला काढा

१२३४५६७८९ ÷ ९ = १३७१७४२१. लगेच ९ ने गुणून ताळा पाहा. अंकांची बेरीज २६ येते, म्हणजे आणखी ३ निघत नाही. यापुढचं काम १,३७,१७,४२१ वर.

पायरी ३: भाग देत बसायचं की वर्गांची वजाबाकी करायची

सरळ मार्ग म्हणजे मूळ संख्यांनी ओळीने भाग देत जाणं, वर्गमुळापर्यंत. १३७१७४२१ चं वर्गमूळ ३७०३ आणि थोडं. पाचशेवी मूळ संख्या ३५७१ आहे, म्हणजे वाईटात वाईट पाचशेच्या वर भागाकार. ते सगळे हाताने करायचे म्हणजे शिक्षाच.

इथे फ्रेंच गणितज्ञ फर्मां यांची रीत कामी येते. आधार शाळेतलाच आहे: अ चा वर्ग वजा ब चा वर्ग = (अ − ब)(अ + ब). दिलेली विषम संख्या दोन वर्गांच्या वजाबाकीच्या रूपात मांडता आली की तिचे दोन अवयव हातात पडतात. कृती अशी:

वर्गमुळाच्या लगेच वरचा पूर्णांक घ्या. इथे ३७०४.
त्याच्या वर्गातून संख्या वजा करा: १३७१९६१६ − १३७१७४२१ = २१९५.
उरलेली संख्या पूर्ण वर्ग आहे का पाहा. नसेल तर पुढचा पूर्णांक.

२१९५ चं वर्गमूळ काढत बसू नका. पूर्ण वर्गाच्या शेवटी ५ असेल तर त्याआधी २ असावाच लागतो. इथे ९५ आहे, म्हणून बाद. पुढचा पूर्णांक ३७०५. त्याचा वर्ग नव्याने करायचीही गरज नाही. लागोपाठच्या दोन वर्गांतलं अंतर म्हणजे त्या दोन संख्यांची बेरीज: ३७०४ + ३७०५ = ७४०९. म्हणून नवी शिल्लक २१९५ + ७४०९ = ९६०४. आणि ९६०४ म्हणजे ९८ चा वर्ग.

३७०५ − ९८ = ३६०७
३७०५ + ९८ = ३८०३

दुसऱ्याच प्रयत्नात काम झालं. ओळीने भाग देत गेला असतात तर ३६०७ ही ५०४ वी मूळ संख्या आहे, तोवर काहीही हाती लागलं नसतं.

पूर्ण वर्ग ओळखण्याची ही छोटी चाळणी पाठच करा, पुढे रोज लागते. शेवटी २, ३, ७, ८ असेल तर वर्ग नाही. ५ असेल तर त्याआधी २ हवा. शून्यं जोडीनेच हवीत. शेवटी १, ४ किंवा ९ असेल तर दशकस्थानी सम अंक हवा, ६ असेल तर विषम. ही चाळणी पार झाली म्हणजे वर्ग असेलच असं नाही, पण पार झाली नाही तर नक्कीच नाही.

सरावासाठी ९ न काढता थेट १२३४५६७८९ वर हीच रीत चालवा. सुरुवात १११११ च्या पुढून, कारण १११११ चा वर्ग १२३४५४३२१, जरासा कमी पडतो.

१११२ नव्हे, १११११२ही नव्हे, १११११ च्या लगेच पुढची संख्या म्हणजे ११११२. एकांची रांग मोजून लिहा, चुका इथेच होतात.

११११२: शिल्लक १९७५५ (शेवटी ५५, बाद)
११११३: शिल्लक ४१९८० (एकच शून्य, बाद)
११११४: शिल्लक ६४२०७ (शेवटी ७, बाद)
११११५: शिल्लक ८६४३६ = २९४ चा वर्ग

एकही वर्गमूळ न काढता तीन बाद झाल्या, चौथी लागली. अवयव मिळाले १०८२१ आणि ११४०९. इथे थांबाल तर फसाल. फर्मांची रीत अवयव देते, ते मूळ असतील अशी हमी देत नाही. दोन्हींच्या अंकांच्या बेरजा (१२ आणि १५) ३ ने भाग जाणाऱ्या आहेत, आणि १०८२१ = ३ × ३६०७, ११४०९ = ३ × ३८०३.

ही रीत कधी अंगाशी येते तेही पाहून ठेवा. आपली संख्या उलटी लिहा: ९८७६५४३२१. यातून ९ काढले की १०९७३९३६९ उरतात. वर्गमूळ १०४७५ च्या पुढे, म्हणून सुरुवात १०४७६ पासून. यश मिळेल ते १,९०,००५ वर, म्हणजे १,७९,५३० व्या प्रयत्नात! कारण हिचे अवयव १७ × १७ × ३७९७२१ असे आहेत, एकमेकांपासून फार लांबचे. साध्या भागाकाराने १७ पर्यंत पोचायला सात मूळ संख्या लागतात, बस. म्हणून आधी शंभरपर्यंतच्या मूळ संख्यांनी भाग देऊन पाहावा, मग फर्मांच्या रीतीने दहा-वीस प्रयत्न करावेत, आणि तेवढ्यात जमलं नाही तर संगणकाकडे वळावं. आरएसए कूटलेखनात (संदेश गुप्त ठेवण्याची ही पद्धत मोठ्या संख्येचे अवयव पाडणं अवघड असण्यावर उभी आहे) दोन प्रचंड मूळ संख्या एकमेकींच्या फार जवळच्या निवडू नयेत असा दंडक आहे, तो याच रीतीच्या भीतीने.

पायरी ४: ३६०७ आणि ३८०३ खरंच मूळ आहेत का

ही पायरी गाळण्याचा मोह होतो. गाळू नका, कारण पुढचं सगळं गणित हिच्यावर उभं आहे. संख्येच्या वर्गमुळापर्यंतच्या मूळ संख्यांनी भाग देऊन पाहायचा. ६१ चा वर्ग ३७२१. तो नेमका आपल्या दोन संख्यांच्या मध्ये पडतो, म्हणून ३६०७ साठी ५९ पर्यंत पुरतं आणि ३८०३ साठी ६१ सुद्धा तपासावा लागतो. थांबायची जागा प्रत्येक संख्येसाठी वेगळी ठरवा.

२, ३, ५ सोडून ३६०७ च्या बाक्या ७ पासून ५९ पर्यंत ओळीने अशा येतात: २, १०, ६, ३, १६, १९, ११, ११, १८, ४०, ३८, ३५, ३, ८. कुठेही शून्य नाही. ४१ ने बाकी ४० येते, म्हणजे ४१ × ८८ = ३६०८, एकाने हुकलं. अशा ठिकाणी घाईत 'गेला भाग' असं लिहून टाकलं जातं.

३८०३ च्या बाक्या ७ पासून ६१ पर्यंत: २, ८, ७, १२, ३, ८, ४, २१, २९, ३१, १९, ४३, ४०, २७, २१. याही सगळ्या शून्येतर. दोन्ही मूळ.

१२३४५६७८९ = ३ × ३ × ३६०७ × ३८०३

बाकी कॅल्क्युलेटरवर काढताना अपूर्णांकाच्या भागाला भाजकाने गुणायची पद्धत आहे, पण त्यात सावध राहा. १३७१७४२१ ला १७ ने भागलं की ८०६९०७.११७६… असं काही दिसतं. दिसतो तेवढा अपूर्णांक १७ ने गुणला तर १.९९९ च्या घरातलं उत्तर येतं, आणि खरी बाकी २ असते. त्यापेक्षा ८०६९०७ × १७ करून मूळ संख्येतून वजा करा. उत्तर स्वच्छ येतं.

पायरी ५: अवयवांतून बाकीचं सगळं

इथून पुढे मोठ्या संख्येला हात लावायची गरज पडत नाही.

विभाजक किती? प्रत्येक मूळ अवयवाच्या घातांकात १ मिळवून गुणाकार: ३ दोनदा आहे म्हणून ३, बाकीचे एकेकदा म्हणून २ आणि २. ३ × २ × २ = १२. ते असे: १, ३, ९, ३६०७, ३८०३, १०८२१, ११४०९, ३२४६३, ३४२२७, १३७१७४२१, ४११५२२६३ आणि स्वतः संख्या. पहिला आणि शेवटचा, दुसरा आणि शेवटून दुसरा अशा जोड्यांचा गुणाकार प्रत्येक वेळी १२३४५६७८९ आलाच पाहिजे. यादीचा ताळा पाहायला याहून सोपी पद्धत नाही.

विभाजकांची बेरीज: (१ + ३ + ९) × (१ + ३६०७) × (१ + ३८०३) = १३ × ३६०८ × ३८०४ = १७,८४,२२,८१६. बरेच जण ३ दोनदा आला म्हणून (१ + ३) दोनदा लिहितात आणि १३ ऐवजी १६ धरतात. वरचे बारा विभाजक प्रत्यक्ष मिळवून पाहा, उत्तर १३ नेच जुळतं. यातून संख्या स्वतःच वजा केली तर ५,४९,६६,०२७ उरतात, म्हणजे निम्म्याहूनही कमी. परिपूर्ण संख्येत (६ किंवा २८ सारख्या) ही बेरीज संख्येइतकी भरते. इथे फारच तोकडी पडली.

१ पासून १२३४५६७८९ पर्यंत हिच्याशी सहमूळ (१ सोडून एकही सामाईक विभाजक नसलेल्या) संख्या किती? हे ऑयलरचं फाय फलन. ९ साठी ९ − ३ = ६ (८ नव्हे!), ३६०७ साठी ३६०६, ३८०३ साठी ३८०२. गुणाकार ८,२२,६०,०७२. म्हणजे साधारण दोन तृतीयांश. सगळी गळती ३ मुळे झाली आहे, उरलेल्या दोन मूळ संख्या इतक्या मोठ्या आहेत की त्यांचा परिणाम जाणवतच नाही.

दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येईल का? इथे एक सुंदर सापळा आहे. संख्येला ४ ने भागलं तर १ उरतो (शेवटचे ८९ पाहा), आणि अर्धवट वाचलेला नियम सांगतो की मग जमायला हवं. पण तो नियम मूळ संख्यांपुरता आहे. संयुक्त संख्येत ४ ने भागल्यावर ३ उरणारा प्रत्येक मूळ अवयव सम वेळा यावा लागतो. ३ दोनदा येतो, ठीक. ३६०७ आणि ३८०३ दोन्हींची बाकी ३, आणि दोन्ही एकेकदाच. म्हणून नाही जमत. दोन तीनांच्या गुणाकाराने बाकी १ झाली, एवढंच.

पायरी ६: उलट्या संख्येशी मसावि

९८७६५४३२१ आणि १२३४५६७८९ यांचा मसावि काढताना अवयवांची यादी जुळवण्यापेक्षा युक्लिडची भागाकार रीत वापरा. मोठीला लहानने भागा:

९८७६५४३२१ = ८ × १२३४५६७८९ + ९

बाकी ९. आता १२३४५६७८९ ला ९ ने भागा, बाकी शून्य. मसावि ९. अठरा अंकांचा ऐवज दोन ओळींत आटोपला. इतकी लहान बाकी योगायोगानेच मिळते, पण लांबलचक उदाहरणातही युक्लिडची रीत अवयव पाडण्यापेक्षा कितीतरी लवकर संपते.

पायरी ७: आता अंकांची गंमत

हे दालन आपल्याकडच्या वाचकांना जवळचं, कारण त्यात दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांचं काम आहे. १९०५ मध्ये डहाणूला जन्मलेले आणि देवळालीच्या शाळेत शिकवणारे कापरेकर ६१७४ मुळे जगभर माहीत झाले. त्यांच्या तीन कल्पना आपल्या संख्येवर लावून पाहू.

कापरेकर क्रिया: अंक उतरत्या क्रमाने मांडा, चढत्या क्रमाने मांडा, वजाबाकी करा. ९८७६५४३२१ − १२३४५६७८९ = ८६४१९७५३२. उत्तरातले अंक नीट पाहा, एक ते नऊ प्रत्येक अंक एकेकदाच आहे. म्हणजे पुन्हा तीच क्रिया केली तर पुन्हा तीच वजाबाकी आणि तेच उत्तर. चार अंकांत ६१७४ जे करते (७६४१ − १४६७ = ६१७४) तेच नऊ अंकांत ८६४१९७५३२ करते, आणि आपली संख्या तिथे एका पावलात पोचते. मात्र कुठलीही नऊ अंकी संख्या इथेच येऊन थांबेल असं समजू नका. ५५४९९९४४५ वर ही क्रिया केली तर तीही स्वतःवरच परत येते.

हर्षद संख्या: स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाणारी. बेरीज ४५, म्हणजे ९ आणि ५ दोन्हींनी भाग जायला हवा. ५ ने जात नाही, म्हणून हर्षद नाही. पण हेच नऊ अंक हवे तसे फिरवले तर? बेरीज ४५ च राहते, ९ ने भाग जातोच. म्हणून ३,६२,८८० मांडण्यांपैकी एकही मूळ संख्या नाही, आणि ज्यांच्या शेवटी ५ आहे त्या ४०,३२० मांडण्या हर्षद आहेत, बाकी एकही नाही.

देवळाली संख्या: जी कुठल्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून तयार होत नाही ती. म्हणजे आपल्याला 'जनक' शोधायचा. उगाच ऐंशी-नव्वद संख्या तपासू नका. संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज यांची ९ ने बाकी सारखीच असते, आणि दोन्ही मिळून ९ ने भाग जाणारी संख्या हवी, म्हणून अंकांची बेरीज ९ च्या पटीतच असणार. ९ वजा केले तर १२३४५६७८०, बेरीज ३६. १८ वजा केले तर १२३४५६७७१, बेरीज ३६. २७ ने १२३४५६७६२, पुन्हा ३६. मग ३६ च वजा करा: १२३४५६७५३, अंकांची बेरीज ३६. सापडला. १२३४५६७५३ + ३६ = १२३४५६७८९, म्हणजे ही देवळाली संख्या नाही.

संगणकावर ताळा पाहताना

लिनक्सच्या टर्मिनलवर फॅक्टर ही आज्ञा देऊन पुढे संख्या लिहिली की ३ ३ ३६०७ ३८०३ असं उत्तर क्षणात येतं. पायथनमध्ये पूर्णांक हवे तेवढे मोठे चालतात, फक्त भागाकारासाठी एक तिरपी रेघ न वापरता दोन वापरा. एका रेघेने उत्तर दशांश अपूर्णांकात जातं आणि संख्या फार मोठी असेल तर शेवटचे अंक बिघडतात. एक्सेल १५ सार्थ अंकांपलीकडे जात नाही. नऊ एक लिहून (१११११११११) त्यांचा वर्ग करा: खरं उत्तर १२३४५६७८९८७६५४३२१, एक्सेल दाखवतो १२३४५६७८९८७६५४३००. शेवटची दोन शून्यं पाहून कोणी '१०० ने भाग जातो' असा निष्कर्ष काढला तर दोष एक्सेलचा नाही.

पुढचा सराव म्हणून १,२३,४५,६७९ घ्या, यात ८ गाळला आहे. ९ ने गुणलं की १११११११११ येतात ती हीच, आणि आपल्या संख्येशी तिची गल्लत सर्रास होते. गट पाडा: १२ | ३४५ | ६७९. बेरीज १०३६, म्हणजे ३७ × २८. तेव्हा ३७ जातो आणि ३,३३,६६७ उरतात. ती मूळ आहे, पण तसं स्वतः सिद्ध करायचं तर ५७७ पर्यंतच्या १०६ मूळ संख्या तपासाव्या लागतील. १००१ ची युक्ती वापरलीत तर त्यातल्या तीन एका झटक्यात कमी होतात.